बिनडोळ्याचा मोर

कोणाकडे पाहुणी म्हणून गेली की एखादी बाई पडदे बघते, एखादी ओटा बघते. वळ गावची कमळ आधी भिंती बघते. रंग कुठला काढलाय, ओल कुठे आलीय, मधोमध किती जागा मोकळी आहे, हे सगळं चहा यायच्या आत तिच्या नजरेत भरलेलं असतं. त्यामुळे लेकीच्या लग्नाची तारीख धरायला ती काल्हेरला व्याह्यांच्या फ्लॅटवर गेली, तेव्हा सोफ्यावर टेकायच्या आधीच तिला ते दिसलं. टीव्हीच्या वर, काळ्या चौकटीत, काचेमागे एक चित्र होतं. खाडीकाठचं कौलारू घर, दारात उपडी घातलेली होडी, तुळशीपाशी एक चपटा दगड. आणि खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली बारीकशी सही. क्षितिजा.

कमळच्या सख्ख्या नणंदेची सही.

“ओळखलंत ना?” विहीणबाई पाण्याचा ट्रे घेऊन येता येताच म्हणाल्या. “आमचं जुनं घर. पाडलं तेव्हा कोणाला सुचलंय फोटो काढायचं! तिथं आता गोदाम झालंय. तुमच्या नणंदबाईंनी माझ्याकडून नुसतं ऐकून काढलं हो सगळं. त्या दगडावर मी भांडी घासायची, तो दगडसुद्धा सोडला नाही. आमच्या सासूबाई संध्याकाळी टीव्ही बंद करून ह्याच्यासमोर बसतात.”

“छान आहे,” कमळ म्हणाली. ‘साखर पुरे’ म्हणावं तशी.

तारीख ठरली, पेढे वाटले गेले. मग विहीणबाईंनी विषय काढला तो हळदीचा. “मागे फ्लेक्सबिक्स नको बाई. सगळ्यांकडे तोच, तेच गुलाबाचे गुच्छ. आत्यांचं हाताने काढलेलं मोठं चित्र लावू या.”

“आत्याला मी कधीच सांगून ठेवलंय,” कमळची लेक रुचिका म्हणाली.

कमळच्या हातातलं बिस्कीट चहात तुटून पडलं. कधीच! आणि आईला आज कळतंय.

परतताना रिक्षात तिने लेकीला धरलंच. “मला नाही विचारलंस ते?”

“काय विचारायचं होतं?”

“हळदीची भिंत. ह्या गावात पंचवीस वर्षं कोण काढतंय?”

“अगं आई,” रुचिका मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “भिंत आहे कुठे तुझ्यासाठी? पप्पांनी टाइल्स लावल्यात ना सगळीकडे.”

भिंत नव्हतीच.

*

कमळचं माहेर पडघ्याच्या पलीकडचं. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला अ श्रेणी मिळाली होती. मास्तर घरी येऊन वडिलांना सांगून गेले, हिला मुंबईला घाला, पोरीच्या हातात रेघ आहे. वडील नाही म्हणाले नाहीत. ‘बघू’ म्हणाले. बघता बघता बारावी झाली आणि वळचं स्थळ आलं. चांगदेव, भातशेती, खाडीकडे थोडी जमीन, घरात सासू गोदूबाई, एक दीर हिरामण आणि शेंडेफळ नणंद क्षितिजा, वय वर्षं अकरा.

पहिल्याच वर्षी हिरामणचं लग्न निघालं. लग्नघराची पुढची भिंत रंगवायची रीत तिथे होतीच. पेंटर येऊन नवरानवरीची नावं काढून जायचा, बाजूला दोन केळीची झाडं. त्या वर्षी पेंटर ऐन वेळी आजारी पडला. घरात नवी आलेली सून म्हणाली, “आई, मी काढू?”

गोदूबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “येतं का तुला?”

“येतं.”

गेरू, चुना, हळद आणि काळा रंग. कमळ स्टुलावर चढली आणि एवढासा खडूसुद्धा न लावता तिने भिंतीवर मोर सोडला. भिंतीच्या मध्ये खिडकी आडवी येत होती, म्हणून तिने मोराची मान मागे वळवली. खिडकीतून कोणी हाक मारली आणि त्याने वळून बघितलं, असा. पिसारा पार दरवाज्याच्या चौकटीपर्यंत गेला. खाली रंगाची वाटी धरून क्षितिजा उभी. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती हललीच नाही. जेवायला बोलावलं तरी नाही.

शेवटी डोळा तेवढा राहिला होता आणि आतून हाक आली. भाकऱ्या थापायला हात कमी पडत होते. कमळ पदर खोचून आत गेली, तांदळाचं पीठ हाताला लागलं, आणि मोर डोक्यातून गेला तो गेलाच.

संध्याकाळी पाहुणे जमले. गोदूबाईंची मोठी जाऊ मैनाबाई, जिच्या जिभेला पूर्ण वळ गाव टरकून असे, ती भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काय गो गोदू, तुजे सुनेचा मोर आंधला हाय काय?”

बायका फिस्कन हसल्या. कमळ दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. आता जमीन दुभंगली तर बरं, असं तिला झालं.

गोदूबाईंना सुनेचं कौतुक होतं अशातला भाग नाही. पण जावेपुढे मान खाली घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “आंधला कशाला व्हईल? आमच्या माह्यारी रीतच हाय. हलद लागली का घरची बाय डोला देते. तवा मोर जागा व्हतो. तुमाला न्हाय ठावं?”

मैनाबाईला ‘ठावं नाही’ म्हणवेना. “ठावं हाय गो, मना वाटला तू इसरलीस.”

झालं. हळद लागल्यावर गोदूबाईंनी सगळ्यांसमोर बोटाने काळा ठिपका दिला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात मैनाबाईने आपल्या नातीच्या लग्नात कमळलाच बोलावलं आणि बजावलं, “डोला ठेव हां.” तिथून ती रीत पडली. वळमध्ये आणि आसपास कमळ जिथे जिथे भिंत काढायला गेली, तिथे तिथे मोर बिनडोळ्याचा राहिला आणि हळदीला घरच्या बाईने त्याला डोळा दिला. ती खरी कशी सुरू झाली हे दोघींनाच माहीत होतं. सासू बोलली नाही, सून बोलली नाही.

कमळला मान मोठा होता. लग्न ठरलं की आधी तिला निरोप यायचा, मग बँडवाल्याला. पण तिच्या कामाची एक गोम होती. भिंतीवरचं चित्र भिंतीचं असतं. पुढच्या दिवाळीला त्यावर चुन्याचा हात फिरतो. कमळ रस्त्याने जाताना बघायची, आपला मोर कुठे अर्धा राहिलाय, कुठे नुसता तुरा, कुठे पांढऱ्या रंगाखालून पिसारा भुतासारखा दिसतोय. तेव्हा तिला त्याचं काही वाटत नसे. पुढचं लग्न असायचंच.

मग गोदामं आली. शेतं गेली, पैसे आले, आणि पैशाबरोबर टाइल्स आल्या. घरांच्या दर्शनी भिंती गुळगुळीत, चकचकीत झाल्या. टाइलवर गेरू धरत नाही. हळूहळू निरोप बंद झाले. चांगदेवने स्वतःच्या घराला टाइल्स लावल्या तेव्हा कमळने अडवलं नव्हतं. तीही म्हणालीच होती, पुसायला बरं पडेल.

*

आणि क्षितिजा? तिला मात्र कोणी ‘बघू’ म्हणालं नाही. पोरगी दहावी झाली तेव्हा चांगदेवच्या हातात जमिनीचे पैसे होते. बहिणीला त्याने मुंबईला उपयोजित कलेच्या कॉलेजात घातलं. फॉर्म आणायला गेली ती कमळच. रांगेत उभी राहून, बरोबर डबा घेऊन. त्या कॉलेजच्या जिन्यात उभ्या असलेल्या, हाताला रंग लागलेल्या पोरी तिने बघितल्या, आणि घरी येताना सगळ्या वाटेत ती खिडकीला डोकं टेकून बसली. क्षितिजाला वाटलं, वहिनीला गाडी लागली.

क्षितिजाचं पुढे सरळ झालं असंही नाही. आधी साडीच्या खोक्यांवरची चित्रं काढली, मग एका प्रकाशकाकडे लहान मुलांच्या पुस्तकांची. ससे, हत्ती, पावसात नाचणारी मुलं. लग्न होऊन ठाण्याला गेली तरी काम सुटलं नाही. कागद गेला, स्क्रीनवर चित्रं काढू लागली. आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस प्रकाशक म्हणाले, आता मशीनला सांगितलं की चित्र मिळतं, तुम्ही फक्त तपासून द्या, बोटं सहा आली तर पाच करा. क्षितिजाने थोडे दिवस सहाची पाच केली. मग एके दिवशी बॅग भरून माहेरी आली आणि पडवीत बसून राहिली.

खरं सांगायचं तर ते दिवस कमळचे फार सुखाचे गेले. तिने नणंदेला माशाचं कालवण केलं, केसांना तेल लावलं, “होईल गं सगळं नीट” म्हणाली. हे सगळं मनापासून. माणसाच्या मनात दोन खोल्या असतात, एकीत दिवा असला म्हणून दुसरीत उजेड पडतोच असं नाही.

पण क्षितिजा नुसती बसणारी नव्हती. तिने दौत आणि टाक काढला आणि पडवीतून जे दिसतं ते कागदावर उतरवायला लागली. पाडायला काढलेलं शेजारचं घर. खाडी. निजामपुऱ्यातली लूमची, म्हणजे यंत्रमागांची, गल्ली, विजेच्या तारांचं जाळं आणि त्याखाली चहा पिणारे कारागीर. ती चित्रं तिने ठाण्याच्या एका प्रदर्शनात नेली आणि तिथे ज्यांची घरं गेली होती ती माणसं तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आमचं पण काढाल? एक जण रेघेला बोट न लावता, वरच्यावर बोट फिरवत म्हणाला, “इथं तुमचा हात हलला ना? तेच पाहिजे. फोनमध्ये सगळं कसं गुळगुळीत असतं, त्याच्यात कोणी होतं असं वाटतच नाही.”

तिथून क्षितिजाचं नाव झालं. ती मूळ चित्र स्वतः काढायची आणि त्याच्या थोड्याच प्रती निजामपुऱ्यातल्या एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून छापून घ्यायची, प्रत्येकीवर सही करून. त्या प्रती काचेमागे जाऊन बसल्या. पुण्यात, नाशकात, काल्हेरच्या सोळाव्या मजल्यावर. त्यांच्यावर दिवाळीला कोणी चुना फिरवत नाही.

कमळला टोचत होतं ते हे.

*

लग्नाच्या साड्या घ्यायला दोघी निजामपुऱ्यात गेल्या तेव्हा क्षितिजा म्हणाली, “वहिनी, वाटेत जरा मकसूदचाचांकडे डोकावू. एक प्रत बघायचीय.”

लूमच्या गाळ्याच्या माळ्यावर चाचांचा कारखाना. खालून लूमची खटाखट अशी की वर बोलायचं ते ओरडूनच. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, आणि चाचा रबराची पट्टी दोन्ही हातांनी धरून अंगाशी ओढायचे. एक रंग वाळला की दुसऱ्या रंगाची चौकट. माळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांना चिमट्यांनी अडकवलेले ओले कागद.

कमळने वर बघितलं. प्रत्येक कागदावर मोर होता. मान मागे वळवलेला, पिसारा चौकटीपर्यंत गेलेला. रांगेने. एकासारखा एक. बिनडोळ्याचा.

तिने जवळचा कागद कोपऱ्याला धरून स्वतःकडे वळवला.

“बाजी,” चाचा क्षितिजाला ओरडून म्हणाले, “आँख फिर छूट गयी है इस में. मैं बना दूँ?”

“नहीं चाचा, छोडनी ही है,” क्षितिजा हसत ओरडली. “हमारे गाँव का पुराना रिवाज है. आँख घरवाली देती है. जो लेगा, उस के घर की औरत देगी.”

“माशाल्ला! कितना पुराना?”

“बहुत! पुरखों से.”

पुरखों से. कमळ दोरीखाली उभी होती. पुरखे म्हणजे ती. पुरखे म्हणजे ती आणि तिची पिठाने भरलेली बोटं. तोंड उघडून सांगावं, की बाई, ती रीत नाही, ती माझी चूक आहे. पण सांगायचं कसं? मोर माझा म्हणावं तर विसरलेला डोळाही माझा म्हणावा लागतो. मैनाबाई स्वर्गातून हसेल, आणि सासूची पंचवीस वर्षांची थाप उघडी पडेल. रीत म्हणून ती जगात मिरवतेय. चूक म्हटली की चुलीत गेली.

ती एवढंच म्हणाली, “खिडकी कुठाय?”

“काय?”

“खिडकी!” कमळ लूमच्या वर आवाज काढून ओरडली. “मी खिडकी आडवी आली म्हणून मान वळवली होती. तुझ्या कागदावर खिडकीच नाही. मग हा बघतो कोणाकडे?”

क्षितिजाने चित्राकडे बघितलं, मग वहिनीकडे. “मला वाटायचं, तुला तसाच आवडतो.”

“चल, दुकानं बंद होतील,” कमळ म्हणाली. भर दुपारी.

त्या दिवशी तिने नणंदेला हिरवी साडी घेतली. क्षितिजाला हिरवा रंग शोभत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

*

घरी आल्यावर ती घराभोवती एक चक्कर मारून आली. पुढे टाइल्स, ओसरीत टाइल्स, जिन्याला टाइल्स. पण उत्तरेची बाजू, जिथे पाण्याची मोटर आहे आणि पलीकडे गोदामाचं कुंपण, तिथे चांगदेवला टाइल्स पुरल्या नव्हत्या. नुसती सिमेंटची भिंत, मधून गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप.

“अहो, गेरू आणा. आणि चुना.”

“आता कशाला? क्षिती चित्र आणतेय ना?” चांगदेव म्हणाला.

“तिचं ती आणेल. लेक माझी आहे.”

चांगदेवने गेरू आणला. अशा वेळी का म्हणून विचारायचं नसतं एवढा संसार त्याचा झाला होता.

जेवणं आटपली की कमळ स्टूल घेऊन मागे जाई. पहिल्या दिवशी चुना लागला. दुसऱ्या दिवशी तिने कुंचला उचलला, आणि हात ऐकेना. निरोप बंद झाल्यापासून त्याने कढया उचलल्या होत्या, मोर नाही. तरी तिने जिद्दीने काढला. ह्या वेळी मान सरळ, मुद्दाम. क्षितिजाच्या कागदावरच्यासारखा नकोच.

गोदूबाई आता थकल्या होत्या. काठी टेकत मागे आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“कोंबरी जालीय,” त्या म्हणाल्या.

कमळ खाली उतरली, चार पावलं मागे गेली. कोंबडीच झाली होती. तीही खुडूक.

“आई, तुम्हाला दिसत नाही नीट.”

“मना दिसत नाय तरी कोंबरी दिसते, मंग बग.”

कमळने रागाने चुन्याची बादली ओढली आणि स्वतःच्या चित्रावर स्वतःच्या हाताने पांढरा हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं ते चुन्याने, असं तिने ठरवून टाकलं.

“तिचं बगून काडतेस,” गोदूबाई मागून म्हणाल्या. “तिचा नको म्हून काडतेस, तरी बी तिचंच बगून. पाइप बग समोर. पाइप आरवा येतंय.”

पाइप आडवा येतच होता. नेमका मान जायची तिथे. कमळने पाइपकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा स्टुलावर चढली, मनात कोणी आणलं नाही, आणि मोराची मान पाइपापाशी आली तशी वळवली. मोर पाइपाच्या आडून डोकावल्यासारखा मागे बघू लागला. कोणी हाक मारली म्हणून. पिसारा मोटरच्या वरून कोपऱ्यापर्यंत गेला.

गोदूबाई खुर्ची थोडी पुढे ओढून बसल्या.

*

हळदीच्या दिवशी सकाळीच क्षितिजा गाडीतून उतरली. हिरवी साडी नेसून. तिला ती शोभत होती, हा कमळला बसलेला दिवसाचा पहिला धक्का. दुसरा, नळीतून निघालेलं ते चित्र. दोन पुतण्यांनी दोन टोकं धरली आणि मांडवाच्या मागच्या बाजूला ते उलगडलं. बायका गोळा झाल्या.

जुनं कौलारू घर. हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा आणि काळी रेघ, एवढ्यावरच सगळं. अंगणात मांडवाचे खांब रोवणारे पुरुष, पाट्यावर हळद वाटणाऱ्या बाया, आणि घराच्या भिंतीवर, ह्या वेळी खिडकीसकट, मागे बघणारा मोर. मोरासमोर स्टुलावर एक बाई. पाठमोरी. पदर कमरेला खोचलेला, वेणी पाठीवर, डावी टाच उचललेली.

“अगो बाय, कमल!” कोणीतरी ओरडलं. टाचेवरून ओळखलं सगळ्यांनी. कमळ चित्र काढताना डाव्या पायाच्या चवड्यावर उभी राहते हे तिला स्वतःलाही आजवर माहीत नव्हतं.

चित्र चांगलं होतं. चांगलं म्हणजे असं, की कमळला त्या वाटलेल्या हळदीचा वास आला. हिरामणच्या लग्नातला, तिच्या पहिल्या वर्षातला. आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते असं, “पाठमोरी का? तोंड काढायला जमलं नाही?”

“मला तू पाठमोरीच दिसायचीस गं,” क्षितिजा म्हणाली. “मी खाली असायचे ना.”

आणि खाली होतीच ती. स्टुलाच्या पायाशी रंगाची वाटी धरलेली परकरातली पोर, तोंड वर करून बघणारी. ‘स्वतःचं तोंड बरं काढलंस!’ असं म्हणायला कमळने ओठ उघडले, आणि तिची नजर त्या तोंडावर थांबली. सगळ्या बायकांना त्यात कौतुक दिसत असेल. कमळला नाही दिसलं. त्या पोरीने ओठ घट्ट आवळले होते आणि वाटी अशी धरली होती, की आता टाकून देईल.

“डोला ठेवलाय गो,” हळद लागल्यावर गोदूबाई चित्राजवळ जाऊन म्हणाल्या. “कमल, दे.”

क्षितिजाने टाक पुढे केला. रुचिका पिवळीजर्द होऊन पाटावर बसलेली. तिने आईकडे बघितलं, जरा भीतभीतच. क्षणभर कमळला वाटलं, देऊ नये. किंवा द्यावा, पण हात घसरल्यासारखा. तेवढ्यात तिच्या बोटांत टाक आला होता, आणि तिच्या हातून वाईट रेघ निघत नव्हती हे तिचं दुर्दैव. तिने टोक टेकवलं. एवढासा ठिपका, आणि मोर जागा झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कोणासाठी हे काही कळलं नाही.

गोदूबाईंनी तिच्याकडे बघितलं. ती फक्त दोघींची नजर होती. पंचवीस वर्षं जुनी, पुरखों से.

हळद आटपल्यावर क्षितिजा हात धुवायला मागे मोटरपाशी गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून कमळ बघायला गेली. नणंद भिंतीसमोर उभी होती. नळ चालू, हात कोरडेच.

“हा कधी काढलास?”

“काढला मधे.”

“पेन्सिल लावून?”

“कसली पेन्सिल?”

“एकदम?”

“मग कसा काढायचा?”

क्षितिजाने ओठ घट्ट आवळले. आणि कमळने त्या चित्रातलं तोंड समोर जिवंत बघितलं, वयाने वाढलेलं. तो चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. काल्हेरहून आल्यापासून ती तो रोज आरशात बघत होती. म्हणजे ही पण? अकरा वर्षांची असल्यापासून? काचेमागे जाऊन बसलेली, पुण्या-नाशकात पोचलेली ही बाई, पाइपाआडच्या मोरावर जळतेय?

कमळला एकदम भूक लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी.

“मी सात वेळा पेन्सिल मारते, सहा वेळा खोडते,” क्षितिजा म्हणाली. “लोक म्हणतात, काय मोकळा हात आहे.” मग फोन बाहेर काढत, “फोटो काढू ह्याचा?”

“नको. कागदावर यायचा उद्या.”

“नाही काढत.” ती नळ बंद करून म्हणाली, “ह्याला डोळा नाही दिलास अजून.”

“घरची बाई देते.”

“मी नाही का घरची? वहिनी, मी देऊ?”

कमळने विचार केला. घाईने नाही, नीट केला. दारची नाही, घरचीच होती ती. रंगाची वाटी तिने धरली होती. आणि त्या कॉलेजच्या जिन्यात उभ्या असलेल्या पोरीही कमळला आठवल्या. तिने काळ्या रंगाची वाटी नणंदेच्या हातात दिली, आणि कुंचला दिला.

“दे. पण पेन्सिल लावायची नाही. एकदम.”

क्षितिजा हिरव्या साडीचा पदर खोचून स्टुलावर चढली. कमळ खाली उभी राहून बघत होती. क्षितिजाने श्वास धरला, हात उचलला, परत खाली घेतला, परत उचलला. आणि टेकवला. कुंचला रंगाने जास्त भिजला होता. ठिपका पसरला. सावरायला गेली तर आणखी मोठा झाला. मोराने काहीतरी भयंकर ऐकल्यासारखे डोळे फाडले.

“अरे देवा,” क्षितिजा म्हणाली. “वहिनी, पुसू?”

“नको, नको,” कमळ घाईघाईने म्हणाली. “दिलेला डोळा पुसत नाहीत. रीत आहे.”

ही रीत तिने जागच्या जागी काढली. आता चालेल पुढची पंचवीस वर्षं.

लग्न थाटात झालं. मोठं चित्र चौकट करून रुचिकाबरोबर काल्हेरला गेलं आणि विहीणबाईंनी ते पहिल्या चित्राशेजारी टांगलं. उत्तरेची भिंत मात्र कमळने पुढच्या दिवाळीलाही रंगवू दिली नाही. चांगदेव टाइल्सवाल्याला घेऊन आला होता, त्याला दारातूनच परत पाठवलं. आलेल्या-गेलेल्याला ती आवर्जून घराला वळसा घालून मागे नेते. माणसं बघतात, वा म्हणतात, पाइपाची गंमत त्यांना कळते. आणि मग कोणीतरी विचारतंच, अहो, मोर एवढा घाबरलाय कशाला? डोळा केवढा काढलाय!

“तो ना,” कमळ पदर सारखा करत, अगदी प्रेमाने सांगते, “तो आमच्या क्षितिजाने दिलाय. मोठी चित्रकार आहे हो ती.”